पागडीची खोली ‘स्वतःची’ की ‘भाड्याची’? कुटुंब पाहणीत घराचा भोगवटा नोंदवताना

तक्ताबंद (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मुंबई, ठाणे आणि रायगडमधल्या एका कुटुंब पाहणीसाठी अन्वेषकांचं प्रशिक्षण पुढच्या आठवड्यात आहे. भोगवट्याचा (कुटुंब घरात कोणत्या हक्कानं राहतं त्याचा) रकाना एनएसएसच्या (राष्ट्रीय नमुना पाहणी) ७६व्या फेरीच्या (जुलै ते डिसेंबर २०१८) धर्तीवर ठेवलाय. आमच्या फॉर्मवर १ म्हणजे मालकी, फ्रीहोल्ड (जमिनीसह), २ मालकी, लीजहोल्ड (जमीन लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर), ३ नोकरीमुळे मिळालेलं क्वार्टर, ४ भाड्याचं, लेखी करार, ५ भाड्याचं, लेखी करार नाही, ९ इतर.

चाचणी फेरीचे कागद आले. एकाच चाळीत, एकाच मजल्यावर, एकाच घरमालकाच्या खोल्यांना १, ४, ५ आणि ९ असे चार कोड पडलेत. सगळ्या खोल्या पागडीच्या (घेताना मोठी रक्कम, पुढे घरमालकाला नाममात्र भाडं). प्रत्येक अन्वेषकाकडे आपापलं कारण तयार आहे आणि ऐकताना चारही कारणं पटतात, हीच पंचाईत.

पागडीशिवाय अडलेली घरं: हेवी डिपॉझिटवरची, पोलीस लाइनमधली, सिडकोच्या सोसायट्या, बापाच्या घरात वेगळी चूल मांडलेला मुलगा, झोपडपट्टीतली खोली, रिडेव्हलपमेंटमुळे बाहेर राहणारे. मार्गदर्शन करावं.

---

एकच_चूल

कोडांवर येण्याआधी प्रश्न कसा विचारला गेला ते बघा. ‘घर स्वतःचं की भाड्याचं?’ असं विचारलं की चाळीतला माणूस ‘स्वतःचं’ म्हणणारच. तीन पिढ्या तिथे राहतोय, त्याच्या लेखी ते त्याचंच आहे. तो खोटं बोलत नाही, तो ताब्याबद्दल बोलतोय आणि तुम्ही हक्काबद्दल लिहिताय.

या रकान्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात: मालक कोण, राहण्याबद्दल कुणाला काही द्यावं लागतं का, आणि राहण्याचा अधिकार कशाच्या जोरावर. म्हणून हा क्रम पाठ करून घ्या:

‘इथे राहण्याबद्दल महिन्याला, वर्षाला कुणाला पैसे द्यावे लागतात का?’
‘कुणाला देता? सोसायटीला, घरमालकाला, की पगारातून कापून जातात?’
‘पावती किंवा बिल कुणाच्या नावानं येतं? ती व्यक्ती याच घरात जेवते का?’
‘घर घेताना किंवा राहायला येताना काय लिहून झालं होतं?’

‘स्वतःचं’ आणि ‘भाड्याचं’ हे शब्द अन्वेषकानं तोंडातून काढायचेच नाहीत. उत्तरं आली की कोड त्यानं ठरवायचा, घरच्यांनी नाही.

तिसरा प्रश्न लोक गाळतात. एनएसएसमध्ये मालकी ‘कुटुंबातल्या सदस्याची’ असावी लागते, आणि कुटुंब म्हणजे एकत्र राहून एका चुलीवर जेवणारे. घर मावशीच्या नावावर आणि मावशी नाशकात, तर घर ‘आपलंच’ असलं तरी त्या कुटुंबाच्या मालकीचं नाही.

---

भाडेपावती

पागडीबद्दल माझं स्पष्ट मत: भाड्याचं. वाद नको.

एनएसएसचा निकष सोपा आहे. दरमहा, तिमाही किंवा ठरावीक मुदतीनं भाडं जातं, किंवा ३० वर्षांपेक्षा कमी मुदतीचा भाडेपट्टा आहे, तर ते भाड्याचं. भाडं बाजारभावानं असावं अशी अट नाही. पागडीचं भाडं चहापाण्याइतकं असेल, पण घरमालक पावती फाडतो. ती मागून बघा. वर इमारतीचं नाव, खोली नंबर, खाली भाडं, मग परमिटेड इन्क्रीज (कायद्यानं मान्य वाढ), उपकरप्राप्त इमारत असेल तर रिपेअर सेस (दुरुस्तीचा उपकर). नाव बहुतेक वेळा आजोबांचं. हा कागद भाडेकरूचाच.

---

गावठाण_गल्ली

इतकं सरळ नाही हो. पागडीवाल्यानं खोली घेताना लाखो मोजलेत. तो ती दुसऱ्याला देऊ शकतो, घरमालकाला वाटा दिला की झालं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५६ नं हा व्यवहार कायदेशीरही केलाय. विकता येतं, मुलाला मिळतं, कुणी काढू शकत नाही. याला आणि अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाल्याला एकाच पेटीत टाकून विश्लेषण करणार?

---

भाडेपावती

@गावठाण_गल्ली, विश्लेषणाची अडचण मान्य, पण ती वर्गीकरण वाकवून सुटणार नाही. ‘मुलाला मिळतं’ हेही तपासून बघा. त्याच कायद्यात भाडेकरू वारला की त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होतो. पुण्यात स्थायिक झालेल्या मुलाला मालमत्तेसारखा आपोआप वाटा मिळतो असं नाही. इमारत पडली तर जमीन घरमालकाची. हा जबरदस्त संरक्षण असलेला भाडेकरू आहे, पण भाडेकरूच.

उपाय: मूळ कोड भाड्याचाच ठेवा आणि शेजारी एका अंकाचा उपकोड द्या, पागडी असेल तर १, नसेल तर ०. पुढे कुणाला वेगळं काढायचं असेल तर काढता येईल. एकदा १ मध्ये मिसळलेली पागडी मात्र परत बाहेर काढता येत नाही.

---

तक्ताबंद

उपकोड पटला. पण मग ४ की ५? जुना करार कुणाकडेच नाही, फक्त पावत्या आहेत.

---

भाडेपावती

पावती म्हणजे पैसे मिळाल्याचा पुरावा, करार नव्हे. करारपत्र आहे असं कुटुंब सांगतं तर ४, नुसत्या पावत्या असतील तर ५. हे मार्गदर्शिकेत एका ओळीत छापा, नाहीतर हाच घोळ पुन्हा होईल.

आणखी एक: लेखी म्हणजे नोंदणीकृत नव्हे. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, हे खरं. पण आपला रकाना कायदा पाळला का ते विचारत नाही. स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला कागद असला तरी ४. करार संपून दोन वर्षं झाली, नूतनीकरण नाही, भाडं चालू आहे, तर आज अमलात लेखी करार नाही. कोड ५.

---

शेअर_सर्टिफिकेट

सोसायट्यांबद्दल थोडं. ‘भाडेकरू सहभागीदारी’ आणि ‘भाडेकरू मालकी’ हे गृहनिर्माण संस्थांचे प्रकार आहेत. नावात भाडेकरू असलं तरी सभासद भाडेकरू नसतो. नोंदणी दाखल्यावर हा शब्द वाचून ४ टाकणारे असतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. सभासद स्वतः राहत असेल तर मालकी. मेंटेनन्स म्हणजे भाडं नाही, घरपट्टी म्हणजे भाडं नाही, कर्जाचा हप्ताही भाडं नाही. २०११ च्या जनगणनेच्या सूचनांतही हप्ते फिटायचे असलेला ओनरशिपचा फ्लॅट मालकीचाच धरला होता. इंग्लंडच्या जनगणनेत कर्जमुक्त मालकी आणि कर्जावरची मालकी असे वेगळे पर्याय असतात, आपल्याकडे नाहीत. कर्जाची माहिती हवी असेल तर वेगळा प्रश्न घाला.

आता एक बारीक खूण. सोसायटीचं बिल दाखवलं तर फक्त नाव वाचून परत देऊ नका, ओळी वाचा. सेवाशुल्क, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, पाणी, आणि मध्येच ‘नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस’ दिसलं तर थांबा. सभासद स्वतः राहत नसेल तेव्हा ही आकारणी होते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत. म्हणजे समोर बसलेलं कुटुंब बहुधा भाड्यानं आहे, ‘ताईंचा फ्लॅट आहे’ असं कितीही म्हणो. उलटं मात्र खरं नाही. मुलगी-जावई यांसारखे जवळचे नातेवाईक राहत असतील तर ही आकारणी लागत नाही. तेव्हा ओळ दिसली नाही म्हणून मालकी ठरत नाही.

सिडकोचं: जमीन मुळात ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली, त्यामुळे ३० वर्षांची रेघ ओलांडून मालकी, लीजहोल्ड, कोड २. पण फ्लॅटधारकाला विचारून हे कधीच कळणार नाही. तो म्हणेल ‘ओनरशिप’, आणि त्याचं काही चुकत नाही.

---

सातबारा

+१. फ्रीहोल्ड-लीजहोल्ड हा प्रश्न कुटुंबाला विचारूच नये. इमारतीच्या पातळीवर पर्यवेक्षकानं एकदाच ठरवायचं: सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, शक्य असेल तर मिळकत पत्रिकेवरचा (प्रॉपर्टी कार्ड) धारणाधिकाराचा रकाना बघा, आणि तो कोड त्या इमारतीतल्या सगळ्या मालकीच्या घरांना द्या. नाहीतर एकाच विंगमध्ये १०१ फ्रीहोल्ड आणि १०२ लीजहोल्ड निघतो.

रायगडच्या गावांत ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतील. त्यात मालकाचं नाव आणि भोगवटादाराचं नाव असे वेगळे रकाने असतात. दोन्ही नावं एकच असतील तर बरं. वेगळी असतील तर भोगवटादार कोणत्या नात्यानं राहतो ते विचारा. आणि नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा दस्त नाही. घरपट्टी भरतो म्हणून मालक, हे गृहीत धरू नका.

---

वेगळी_चूल

मुलाच्या वेगळ्या चुलीचं कुणी बोललं नाही, आणि गावात तर सगळ्यात जास्त घरं तीच असतात.

बाप आणि थोरला एका घरात, मधे पडवी, दोन चुली. एनएसएसच्या व्याख्येनं ही दोन कुटुंबं. घर बापाच्या नावावर, मुलगा भाडं देत नाही. आता विचारायचं: घर वडिलोपार्जित आहे की वडिलांनी स्वतः बांधलं? वडिलोपार्जित आणि वाटणी झाली नसेल तर मुलाचा त्यात हिस्सा आहे, मुलाच्या कुटुंबालाही मालकी. वडिलांच्या स्वकष्टाचं असेल तर ते हयात असेपर्यंत मुलाचा हक्क नाही. मालकी नाही, भाडं नाही, नोकरीचं नाही, म्हणून ९.

हे ९ बघून पर्यवेक्षक वैतागतात आणि ‘घरचंच आहे ना’ म्हणून १ करतात. करू नका. शेऱ्यात ‘वडिलांचे घर, वेगळी चूल, भाडे नाही’ एवढं लिहा. आणि पडवीत गॅस वेगळा दिसला म्हणून चूल वेगळी ठरवू नका, धान्य आणि किराणा एकत्र येतो का ते आधी विचारा. चुलीत चूक झाली तर भोगवट्याचा कोड बरोबर येऊनही उपयोग नाही.

---

आकडेमोड

जरा मोठ्या आकड्यांकडे. २०११ च्या जनगणनेत तीनच पर्याय होते: मालकीचं, भाड्याचं, इतर. देशात ८६.६ टक्के, ११.१ टक्के आणि २.३ टक्के. शहरांत ६९.२, २७.५ आणि ३.३. एनएसएसच्या ७६व्या फेरीत शहरी मालकी ६३.८ टक्के आली, ग्रामीण सुमारे ९६. यावरून ‘सात वर्षांत शहरी मालकी पाच टक्क्यांनी घसरली’ असं सर्रास लिहिलं जातं. एक संपूर्ण मोजणी, दुसरी नमुना पाहणी. पर्याय वेगळे, सूचना वेगळ्या, क्वार्टर कुठे जातं तेही वेगळं. ही वजाबाकी करूच नये.

तक्ताबंद, तुमच्या अहवालातही जनगणनेशी तुलना टाकणार असाल तर आधी १ आणि २ एकत्र करा, आणि पागडीचा उपकोड वापरून दोन्ही प्रकारे आकडा काढा. जनगणनेत पागडीवाल्यानं काय सांगितलं असेल याचा अंदाज करत बसण्यापेक्षा ही दोन आकड्यांमधली पट्टी दाखवलेली बरी.

---

लाइनबॉय

क्वार्टरबद्दल. पोलीस लाइन, रेल्वे, बीपीटी (मुंबई बंदर), पालिकेचे सफाई कामगार, कंपनीची कॉलनी: सगळे ३. पगारातून लायसन्स फी कापली जाते म्हणून ४ टाकू नका. सोसायटीच्या वॉचमनची जिन्याखालची खोलीही ३, फुकट असली तरी. पाया नोकरी हा आहे, पैसे हा नाही.

चुकतं कुठे: निवृत्त झाल्यावर खोली न सोडलेली कुटुंबं. नोकरी संपली, तर नोकरीमुळे राहतायत असं म्हणता येत नाही. घरातलं दुसरं कुणी त्याच खात्यात असेल आणि खोली त्याच्या नावावर केली असेल तर ३, नाहीतर ९.

घरभाड्याची रक्कम विचारणार असाल तर नियम आधी ठरवा. खर्चाच्या पाहण्यांत एनएसएसची रीत अशी की सरकारी क्वार्टरचं भाडं म्हणजे कापली जाणारी रक्कम अधिक क्वार्टर नसतं तर मिळाला असता तो घरभाडे भत्ता. नुसती लायसन्स फी लिहिली तर मध्य मुंबईतलं घर काहीशे रुपयांत दिसतं आणि सरासरी कोसळते.

---

तक्ताबंद

हे सोन्यासारखं आहे. हेवी डिपॉझिट?

---

भाडेपावती

एकरकमी मोठी रक्कम, महिन्याला शून्य, मुदत संपली की रक्कम परत. भाड्याचंच. मालकाला भाड्याऐवजी तुमच्या पैशाचा वापर मिळतोय. कागद असेल तर ४, नसेल तर ५. भाड्याच्या रकान्यात ० आणि शेऱ्यात डिपॉझिटची रक्कम व मुदत. अन्वेषकानं व्याज काढून भाडं बनवायचं नाही. ते ऑफिसात एकाच दरानं होऊ द्या, नाहीतर प्रत्येकाचा व्याजदर निराळा.

रिडेव्हलपमेंटवाले: कुटुंब आज राहतं त्या घराचा कोड. आपली सोसायटी पाडली, बिल्डर भाडं देतोय, हे लिव्ह अँड लायसन्सवर दुसरीकडे राहतात, तर ४. भाडं कराराप्रमाणे पूर्ण लिहायचं. बिल्डरकडून किती मिळतं ते वजा करायचं नाही. संक्रमण शिबिरात असतील तर भाडं आकारलं जातं का ते विचारा. जातं तर भाड्याचं, काहीच द्यावं लागत नसेल तर ९.

---

माडाचीवाट

गोव्यात हाच फॉर्म वापरणाऱ्यांसाठी: मुंडकार. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत मुंडकाराचं राहतं घर, भाडं नाही. १९७५ चा गोवा मुंडकार संरक्षण कायदा वाचला तर वर्गीकरणाचं निम्मं काम त्यानंच केलंय. घराचं भाडं देणारा मुंडकार नाही. मालकाच्या आवारात राहणारा पगारी नोकर किंवा राखणदार मुंडकार नाही. कारखान्याच्या जागेत राहणारा कामगारही नाही. म्हणजे ४-५ वाले आणि ३ वाले कायद्यानंच बाजूला काढले. उरलेल्याला घरातून काढता येत नाही आणि जागा विकत घ्यायचा हक्क आहे. एनएसएसच्या व्याख्येत कायमचा, वारसानं जाणारा ताबा असला की पुरतं, हस्तांतराचा अधिकार नसला तरी चालतो. म्हणून मी मालकी धरते. फक्त घरमालक आणि भाटकार हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका, मुंडकार तिथल्या तिथे दुखावतो आणि पुढचे प्रश्न आटोपते घेतो.

---

गावठाण_गल्ली

झोपडपट्टीवर कुणी हात घालत नाहीये :) बांधकाम त्यांचं, जमीन सरकारची किंवा आणखी कुणाची. पत्रा, विटा, लादी सगळं त्यांनी घातलं. १ म्हणायचं की ९?

---

एकच_चूल

दोन्ही बाजूंनी बोलता येतं, म्हणूनच पाहणी सुरू व्हायच्या आधी एक बाजू छापली पाहिजे. माझी पसंती: भोगवटा बांधकामाचा नोंदवा आणि ‘जमीन कुणाची’ असा वेगळा रकाना द्या: स्वतःची, सोसायटीची, सरकारी-निमसरकारी, खासगी दुसऱ्याची, माहीत नाही. मग झोपडीचा मालक बांधकामापुरता मालकीत जाईल आणि जमिनीच्या रकान्यावरून त्याला वेगळं काढता येईल. वेगळा रकाना देणं शक्य नसेल तर ९ मध्ये ठेवा. मालकीचा आकडा फुगवण्यापेक्षा ते परवडलं.

त्याहून मोठी चूक म्हणजे वस्तीतली सगळी घरं एकाच कोडात टाकणं. पोटमाळ्यावर वेगळा भाडेकरू असतो. खोली ज्याच्या फोटोपासवर (झोपडीधारकाच्या सरकारी ओळखपत्रावर) आहे तो कधीच दुसरीकडे गेलेला असतो. तिथे ५. आणि फोटोपास आधी मागू नका. कागद मागितला की पुनर्वसनाची यादी बनतेय असं वाटतं, आणि भाडेकरू स्वतःला मालक किंवा मालकाचा भाऊ म्हणवतो. आधी खोल्या, पाणी, संडास विचारा. भाडं बोलता बोलता निघतं: ‘लाइट बिल वेगळं येतं की भाड्यातच धरलंय?’

---

कॉट_बेसिस

एक राहिलं. फ्लॅटमध्ये पाच मुलं. एकाच स्वयंपाकावर जेवत असतील तर एक कुटुंब, करार एकाच्या नावावर असला तरी सगळ्यांचा मिळून ४. प्रत्येक जण आपापली खानावळ बघत असेल तर एकेकट्याची पाच कुटुंबं. ज्याचा करार त्याला ४, बाकीचे त्याला तोंडी ठरलेले पैसे देतात, त्यांना ५. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशींत मुख्य भाडेकरू आणि पोटभाडेकरू वेगळे आहेत, तुमच्या फॉर्मात नाहीत. भाड्याची रक्कम मात्र जपून. करारवाल्याच्या नावे पूर्ण भाडं आणि बाकी चौघांच्या नावे पुन्हा त्यांचे हिस्से लिहिले तर एकाच फ्लॅटचं भाडं जवळपास दुप्पट मोजलं जातं. प्रत्येकाचा निव्वळ हिस्साच लिहायचा.

---

आकडेमोड

टॅबवर भरणार असाल तर या तपासण्या घाला, जागच्या जागी पकडलं जातं. कोड १ किंवा २ आणि भाडं शून्यापेक्षा जास्त: बहुधा मेंटेनन्स लिहिलाय. कोड ४ किंवा ५ आणि भाडं शून्य: डिपॉझिटचा शेरा सक्तीचा. कोड ३ पण घरात पगारी नोकरी कुणालाच नाही: निवृत्तवालं प्रकरण. कोड ९ आणि शेरा रिकामा: फॉर्म बंदच होऊ देऊ नका. मात्र या तपासण्यांत इशारा द्या, उत्तर आपोआप बदलू नका. आणि रोज संध्याकाळी इमारतनिहाय कोडांची यादी काढा. तुमची चार कोडांची चाळ पहिल्याच दिवशी दिसली असती.

---

तक्ताबंद

सगळ्यांचे आभार. त्या चाळीचे कागद वरचे चार प्रश्न घेऊन परत पाठवले होते. एकवीस खोल्यांपैकी सोळा पागडी, कोड ५, उपकोड १. दोन खोल्यांत पागडीवाल्यानं पुढे लिव्ह अँड लायसन्सवर दिलंय, तिथे ४. दोन खोल्यांत पावती काकांच्या नावावर, काका वेगळे राहतात, पण पावतीचं भाडं हेच कुटुंब भरतं. त्यांना ५ च दिलाय, उपकोड १ ठेवू का?

एकविसावी खोली बंद आहे, कुलूप. शेजारी म्हणतात मालकाचा पुतण्या कधीमधी येतो.

---

भाडेपावती

काकांच्या खोल्यांना उपकोड १ ठेवा, खोली पागडीचीच आहे. शेऱ्यात ‘पावती कुटुंबाबाहेरील नातेवाइकाच्या नावे’ लिहा.

कुलपाच्या खोलीला भोगवटा कोडच नाही. भोगवटा कुटुंबाचा असतो, खोलीचा नाही. तिथे राहणारं कुटुंबच नसेल तर घरयादीत ‘रिकामी’ आणि पुढचे रकाने कोरे. फक्त दोन वेगळ्या वेळी जाऊन या, एकदा रात्री आठनंतर.